विज्ञानकथालेखकाचा किल्ट: पोशाख की सोंग?

अनिकेत_वाचक:
परवा मित्राशी चांगलीच जुंपली. विषय असा: काही विज्ञानकथालेखक, स्कॉटिश आणि बाहेरचेही, संमेलनांना किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधला पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, घालून येतात. मित्र म्हणाला, "लिहायचं अंतराळयानांवर आणि घालायचं पणजोबांचं. निव्वळ सोंग!" मला हे मुळीच पटलं नाही.

माझ्या मते विज्ञानकथा लिहिणाऱ्यालाच किल्ट सगळ्यात जास्त शोभतो. किल्टच्या कापडावरच्या ज्या घराण्याघराण्यांच्या टार्टनना, म्हणजे चौकटींच्या नक्ष्यांना, आपण प्राचीन समजतो, त्यांतल्या बऱ्याच एकोणिसाव्या शतकात ठरल्या. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा स्वागताची सूत्रं वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराच्या हातात होती. त्याने अख्ख्या सोहळ्याला टार्टन चढवलं. पुढे १८४२ मध्ये दोन भावांनी एका जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन टार्टनचा ग्रंथ छापला. हस्तलिखित बनावट निघालं, पण त्यातल्या नक्ष्या लोकांनी आपल्या मानल्या आणि आजही अभिमानाने वागवतात. कुणीतरी एक जग कल्पितो, लोक त्यात राहायला जातात आणि ते खरं होऊन बसतं. विज्ञानकथालेखक आयुष्यभर याचसाठी धडपडतो ना?

शिवाय जे. बी. एस. हाल्डेन यांचं उदाहरण आहेच. मोठे जनुकशास्त्रज्ञ, पण १९२७ मध्ये त्यांनी पृथ्वीच्या अंताची गोष्ट लिहिली, ज्यात माणसाचे वंशज शुक्रावर जाऊन राहतात. हेच हाल्डेन पहिल्या महायुद्धात ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीत अधिकारी होते, आणि ब्लॅक वॉचचा गणवेश म्हणजे किल्ट. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि भारतीय कपडे घालू लागले. साठ वर्षं पायमोजे घातले, आता पुरे, असं ते सांगत. पोशाख हा त्यांच्यासाठी विचाराचा भाग होता.

मीनल_क:
अनिकेत, हाल्डेन यांच्याबद्दल मलाही आदर आहे, म्हणूनच हे उदाहरण इथे बसत नाही असं वाटतं. भारतातले कपडे त्यांनी स्वतः निवडले. ब्लॅक वॉचचा किल्ट पलटणीने दिलेला होता.

आणि तो पलटणीकडे का उरला, तेही सांगायला हवं. १७४६ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनला हायलँडर्सचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातल्या लोकांचा, राजाच्या फौजेकडून पराभव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावर बंदी घातली. ती १७८२ पर्यंत चालली. बंदीतून सूट कुणाला? राजाच्या फौजेतल्या शिपायांना. म्हणजे स्वतःच्या डोंगरात घालायचा तर गुन्हा, साम्राज्यासाठी लढायचं तर परवानगी. १८०३ मध्ये असईला मराठ्यांवर चालून आलेल्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. १८५७ ला लखनौवर चालून गेलेल्या ९३ व्या पलटणीच्या अंगावर तर किल्टच होते. एवढं सगळं त्या कापडात आहे. ते 'कल्पित जग' म्हणून सोडून देता येणार नाही.

स्कॉटिश माणसाने घातला तर माझी काही हरकत नाही. पण सिअ‍ॅटलमध्ये २००० सालापासून खिसेवाले जाड सुती किल्ट बनतात, ते घालून अमेरिकन लेखक मिरवतात, त्याला काय म्हणायचं? ज्याच्या आजोबांना या कपड्यापायी कैद झाली नाही, त्याने तो गंमत म्हणून चढवू नये.

ग्लासगोकर:
मी ग्लासगोत राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथांचं जागतिक संमेलन, झालं, ८ ते १२ तारखेपर्यंत, क्लाइड नदीकाठी. मानाच्या पाहुण्यांत विज्ञानकथालेखक केन मॅक्लाउड होते, मूळचे स्कॉटलंडमधल्याच स्टॉर्नोवेचे. मी पाचही दिवस तिथे गेले होते. किल्ट पुष्कळ दिसले.

चहाच्या रांगेत एक वयस्कर लेखक माझ्या पुढे होते. मी शिवणकाम करते, त्यामुळे नजर कापडावरच. समोरचा भाग सपाट, मागे सगळ्या निऱ्या. प्रत्येक निरी अशी धरलेली की चौकटीची नक्षी अखंड पुढे सरकावी. खालची कड दुमडलेलीच नव्हती, मागावरची किनार तशीच ठेवलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, वडिलांचा आहे, फक्त कमरेचे पट्टे सरकवून घेतले. पुऱ्या किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. नंतर मंचावर बसताना त्यांनी मागून हात फिरवून निऱ्या सारख्या केल्या. माझी आई लुगडं नेसून बसताना अगदी तसाच हात फिरवायची. त्याला सोंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मीनलताई, तुमचा इतिहास खरा आहे. पण इथली माणसं लग्नात घालतात, मयताला घालतात. लेखकाने पुस्तकाच्या दिवशी घातला तर त्यात कुठे बिघडलं?

डोंगरवाट:
"स्कॉटिश असेल तरच" ही अट मला मान्य नाही. विज्ञानकथेतला सगळ्यात गाजलेला किल्ट 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेतल्या स्कॉटीचा, आणि ते काम करणारे जेम्स डूहान कॅनडाचे, आईवडील आयरिश. 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या ब्रिटिश मालिकेतला जेमी हा कलोडनच्या लढाईतला पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, त्याचं काम करणारा नट इंग्लिश. आणि त्याच जेमीला टीव्हीवर पाहून डायना गॅबल्डन या अमेरिकन बाईंना 'आउटलँडर' सुचली. कालप्रवासाची ती कादंबरी १९९१ ला आली. आज कितीतरी परदेशी वाचकांना कलोडन हे नाव तिच्यामुळे माहीत आहे. बाहेरच्यांनी किल्टला हातच लावला नसता तर हे घडलं असतं का?

सुनंदा_प:
सगळे पुरुषांच्याच पोशाखावर बोलताय, म्हणून मधे पडते. हाल्डेन यांची धाकटी बहीण नेओमी मिचिसन. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅराडेलला राहायच्या. १९६२ मध्ये त्यांनी 'मेमॉयर्स ऑफ अ स्पेसवुमन' लिहिली. तिची नायिका परग्रहावरच्या जीवांशी संवाद साधायचं काम करते आणि त्या जीवांना समजून घेताना स्वतः बदलत जाते. मी दोनदा वाचली. स्कॉटिश विज्ञानकथेचा विषय निघाला की ही बाई आधी आठवायला हवी, आणि इथे चार प्रतिसाद झाले तरी तिचं नाव नाही. किल्टचे फोटो फिरतात, पुस्तकं मागे राहतात. माझा राग त्याचा आहे.

अनिकेत_वाचक:
सुनंदाताई, चूक कबूल. भावाबद्दल लिहिलं आणि बहिणीला विसरलो. पुस्तक मागवतो.

मीनल, फौजेला असलेली सूट मला माहीत नव्हती. त्यामुळे किल्ट म्हणजे कुणीतरी कल्पिलेलं जग, हे माझं म्हणणं आता अपुरं वाटतंय. पण बाहेरच्याने घालूच नये, हे अजूनही पटत नाही.

मीनल_क:
वडिलांचा किल्ट पट्टे सरकवून घालणाऱ्या त्या लेखकांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खिसेवाल्या किल्टबद्दल मात्र मी जागची हलणार नाही. डोंगरवाट, जेमी निदान कलोडनहून आलेला दाखवलाय, त्याला लढाई हरल्याचं माहीत आहे. सिअ‍ॅटलचा किल्ट घेणाऱ्या किती जणांना १७४६ माहीत असेल? ज्याला माहीत आहे त्याने खुशाल घालावा, मग तो कॅनडाचा असो नाहीतर कोल्हापूरचा.