पंपरूममागचा शेवगा आणि सकाळची हिरवी स्मूदी

स्वाती (बी-२०३): काल सभेत पंपरूममागचा शेवगा तोडायचा विषय निघाला, तेव्हा मला मध्येच उठावं लागलं आणि बोलायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहितेय. सगळ्यांनी जरा सवडीने वाचा.
आमच्या घरी गेले तीन आठवडे रोज सकाळी त्या झाडाच्या पाल्याची हिरवी स्मूदी होते. आधी मी पालक आणायचे. पावसात आपल्या बाजारात पालक घाटावरून, कोल्हापूरकडून येतो. रत्नागिरीत पोचेपर्यंत जुडीतली निम्मी पानं काळवंडलेली असतात. निवडून मूठभर उरायची, तीही चिखलाची. आणि इथे खिडकीबाहेर कोवळा लुसलुशीत पाला वाऱ्यावर हलतोय! लेक दहावीला आहे, सकाळी क्लासला जाताना काही खात नव्हती. आता ग्लासभर पिऊन जाते. म्हणून त्या झाडाला हात लावू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नाना (ए-१०१, सेक्रेटरी): स्वाती, तुझं म्हणणं पटतं. पण जुलैत फांदी मोडून स्कूटरवर पडली. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, जोराच्या वाऱ्यात कधी मोडेल भरवसा नाही. उद्या खाली एखादं मूल असलं तर जबाबदारी कमिटीची.

केतन (बी-१०४): आणि सुरवंट? आमच्या गॅलरीत दोन आले होते. बाळ रांगतंय, भीती वाटते.

प्रिया (ए-३०२): रेसिपी टाक गं आधी. पालकाची केली होती मी, गवत खाल्ल्यासारखी लागली.

स्वाती (बी-२०३): प्रिया, मला जमायलाही पाचसहा दिवस लागले. दोन ग्लासांचं सांगते.
शेंड्याकडची कोवळी पानं घ्यायची. देठ पूर्ण काढायचे, नाहीतर तोंडात काड्या येतात. ओरबाडलेला पाला एक मूठ, त्याहून जास्त नको, कडू होते. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, दोनदा धुवायचा, मग उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात. पावसात झाडावर किडे, पाखरांची घाण, काय काय असतं, कच्चा पाला मी वापरत नाही. शिवाय उकळल्यावर तो उग्र वास जातो.
मग पाला, आठदहा पुदिन्याची पानं, आल्याचा लहान तुकडा आणि दोन चमचे ओलं खोबरं चटणीच्या भांड्यात थोड्याच पाण्यात अगदी गंधासारखं वाटायचं. सगळं एकदम मोठ्या भांड्यात टाकलं की पानं पात्यांभोवती नुसती फिरत राहतात, चोथा तसाच. प्रिया, तुझं गवत तिथेच झालं असणार. वाटण झालं की दोन वेलची केळी, अर्धा पिकलेला पेरू आणि एका शहाळ्याचं पाणी घालून पुन्हा फिरवायचं. लिंबू ग्लासात ओतल्यावर पिळायचं. साखर नाही, केळ्याची गोडी पुरते. गाळायचं नाही.

प्रिया (ए-३०२): खोबरं कशाला? जड नाही होत?

मधुराताई (बी-४०१): मी सांगते, आहारतज्ज्ञ म्हणून हा माझा रोजचा विषय आहे. हिरव्या पानातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते अंगी लागायला थोडी चरबी लागते. म्हणून खोबरं बरोबर आहे. स्वातीचं न गाळणंही बरोबर, चोथ्यातच तंतू असतात. पेरू आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पानातलं लोह जास्त शोषलं जातं. पाला उकळताना त्यातलं क जीवनसत्त्व थोडं जातं, ते इथे भरून निघतं. स्मूदीसोबत किंवा लगेच नंतर चहा मात्र नको, चहा लोह अडवतो. तासभर जाऊ द्या.
पालकापेक्षा शेवगा कॅल्शियमला कितीतरी सरस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शेवग्याच्या १०० ग्रॅम पानांत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, पालकात ८० च्या आसपास. त्यात पालकात ऑक्झलेट भरपूर, ते असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. ज्यांना मूतखडा होऊन गेलाय त्यांनी कच्च्या पालकाचे ग्लास रोज पिऊ नयेत.

मालवणची आजी (ए-२०२): आमच्याकडे गोकुळाष्टमीक शेगलाची भाजी नि आंबोळी केल्याशिवाय चलणा नाय. गेल्या वर्षी पालो ह्याच झाडाचो घेतलंय. झाड तोडूक देव नुको.

सुधाकाकू (बी-३०१): स्वाती, मुलीचं हिमोग्लोबिन ९ आलं होतं ना? त्यावर चालतं का हे? माझ्या सुनेचंही कमी आहे.

स्वाती (बी-२०३): काकू, ९ च आलं होतं. काल सभेतून उठले ती तिच्या डॉक्टरांची वेळ होती म्हणूनच. गोळ्या चालू आहेत. मी हे गोळ्यांऐवजी देत नाही, सोबत देते.

मधुराताई (बी-४०१): हे स्वातीने लिहिलं ते फार बरं केलं. काकू, मूठभर पाला म्हणजे २०-२५ ग्रॅम. दोन्ही ग्लासांत मिळून लोह मिळतं जेमतेम एक मिलिग्रॅम. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. त्यामुळे ९ वर आलेलं हिमोग्लोबिन स्मूदीने भरून येणार नाही. सुनेला डॉक्टरांकडे न्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. आपल्या दोन विंगांतही त्या असणारच, आणि घरातलं सगळ्यांचं आवरून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या त्याच.
अजून दोघातिघांसाठी. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन किंवा असेनोकुमेरॉल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे रोज सुरू करू नये, हिरव्या पानातलं के जीवनसत्त्व त्या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं आणि केळं दोन्हींत पोटॅशियम जास्त, तेव्हा नकोच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेता ना, तिच्यानंतर निदान अर्धा ते एक तास थांबा. मधुमेहवाल्यांनी एक केळं कमी करा.

विजयकाका (ए-४०३): माझी असेनोकुमेरॉल आहे, झडप बदलल्यापासून. बरं झालं लिहिलंत. उद्यापासून सुरू करणारच होतो. आधी डॉक्टरांना फोन करतो.

केतन (बी-१०४): शेवग्याऐवजी अळू चालेल का? आमच्या मागे भरपूर माजलंय.

मधुराताई (बी-४०१): नाही! अळू कच्चं कधीच नाही. त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजून सुजतो. अळू चिंच घालून, नीट शिजवून फतफतंच करायचं. पावसाळी टाकळा, भारंगी हेही शिजवूनच.

सुधाकाकू (बी-३०१): आणि दुधी! गेल्या वर्षी ह्यांनी दुधीचा रस कडू लागला तरी "औषध कडूच असतं" म्हणून पूर्ण ग्लास संपवला. तासाभरात उलट्या, जुलाब, बीपी खाली. रात्रभर सलाइन. मी अजून विसरले नाही ती रात्र.

मधुराताई (बी-४०१): काकू, वाचले ते महत्त्वाचं. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं, शिजवूनही जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने यावर लोकांना सावध केलं होतं. दुधी, काकडी, काहीही मिक्सरला लावण्याआधी एक चकती चाखा. कडू लागली तर सगळंच फेकून द्या.

प्रिया (ए-३०२): केली! हिरवीगार झाली होती, पण ह्यांचा ग्लास झाकून ठेवला तर तासाभरात शेवाळी रंग. बिघडली का?

मधुराताई (बी-४०१): लिंबू घातलं होतंस ना? आंबटपणाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, रंग तपकिरीकडे जातो. विष नाही झालं, पण ताजीच प्या.

नाना (ए-१०१, सेक्रेटरी): सगळं वाचलं. सौ.ने आत्ताच दुसऱ्यांदा वाचून दाखवलं. झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याने नगरपरिषदेची परवानगीही लागते, ते काल कोणाच्या लक्षात आलं नाही. माझं मत बदललंय. पार्किंगवर झुकलेल्या तीन फांद्या फक्त उतरवू. दर वर्षी शेंगा संपल्या की पावसाआधी छाटून झाड हाताच्या उंचीवर ठेवू, पालाही जास्त फुटेल.

केतन (बी-१०४): सुरवंटांचं?

नाना (ए-१०१, सेक्रेटरी): दिवसा ते खोडावर थव्याने बसलेले असतात. माळी लांब झाडूने खाली पाडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकेल. औषध फवारायचं नाही, पाला आपण खातोय.

केतन (बी-१०४): मग माझी हरकत नाही. शनिवारी मी माळ्याबरोबर थांबतो.

मालवणची आजी (ए-२०२): नाना, उतरवलेल्यो फांद्यो टाकू नुको. हातभर तुकडे करून कुंपणाक लावा. पावसात लगेच जीव धरतत.

स्वाती (बी-२०३): आजी, मागच्या कुंपणाला मी आणि लेक मिळून लावतो. नाना, मनापासून आभार. उतरलेला पाला पंपरूमच्या ओट्यावर शनिवारी सकाळी ८ वाजता ठेवते. अष्टमीची भाजी करणाऱ्यांनी पिशवी घेऊन या. सुधाकाकू, तुमच्या सुनेसाठी कोवळे शेंडे बाजूला काढून ठेवते.