होया फुलला का? तुमचे अनुभव लिहा

होया आता बऱ्याच घरी दिसतो, फुललेला मात्र मोजक्याच घरी. पानं जाड आणि चकचकीत, वेल हँगिंगमधून हातभर खाली सुटलेली, फुलाचा पत्ता नाही. नर्सरीत विचारलं तर "येईल हो, वेळ लागतो" यापलीकडे उत्तर मिळत नाही. म्हणून हा धागा. खिडकी कोणत्या दिशेची, कुंडी केवढी, माती कसली आणि फूल आलं का, एवढं जरूर लिहा. "माझाही फुलत नाही" एवढंच लिहिलंत तरी चालेल, पण दिशा लिहा! सुरुवात मी करते.

डोंबिवली, पूर्वेची गॅलरी

माझा नेहमीचाच, गुलाबी फुलांचा होया कार्नोसा. हॉलमध्ये होता तोवर नुसती पानं. ग्रिलला टांगला आणि सकाळचं कोवळं ऊन मिळू लागलं, तेव्हा कुठे उन्हाळ्याच्या तोंडाशी कळी धरली. पानाच्या बेचक्यातून एक आखूड देठ निघतो आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्यांचा झुबका येतो. कळ्या फुगत फुगत पाचकोनी होतात. उमललं की मेणाचं केल्यासारखं फूल, मधोमध लालसर चांदणी. एकेका गुच्छात वीसेक फुलं सहज. वास दिवसा फारसा येत नाही, अंधार पडला की गॅलरीत उभं राहून बघा. आणि हो, फुलांतून मध ठिबकतो. खाली चपला ठेवू नका, मुंग्या लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुलं गळली की तो देठ कापायचा नाही. पुढच्या खेपेला त्याच देठावर पुन्हा कळ्या येतात. वाळका समजून खुडला, तर झाडाला नव्याने देठ काढावा लागतो.

पुणे, सदाशिव पेठ

आमचा होया वाड्यात होता, आता फ्लॅटच्या खिडकीत आहे. कुंडी तीच, सहा इंची. मुळांनी गच्च भरली आहे आणि तशीच राहू द्यायची. हल्ली सगळ्यांना दर पावसाळ्यात कुंडी बदलायची घाई असते. मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओली राहते, मुळं कुजतात, आणि जगला तरी तो मुळं वाढवण्यात गुंततो. मी पाणी बोटाने चाचपून घालतो. पानाला चिमटीत धरून जरा वाकवून पाहावं, मऊ लागलं की तहान लागली समजा. पान कडक असेल तर तांब्या परत मोरीत. खत म्हणाल तर उन्हाळ्यात चिमूटभर गांडूळखत, बस.

सावंतवाडी

काका म्हणतात त्यामागचं कारण आमच्या आंबोलीत बघायला मिळतं. सह्याद्रीत होयाची एक जात रानातच आहे, होया वायटी, पांढऱ्या फुलांची. जमिनीत नसते ती. झाडाच्या खोडाला धरून, शेवाळात मुळं रोवून चढते. पाऊस धो धो पडतो, पण खोडावरून पाणी लगेच निथळतं आणि मुळांना सतत वारा मिळतो. आपण तिच्या बहिणीला घट्ट लाल मातीत पुरतो आणि वर रोज पाणी ओततो! मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा कोळसा आणि थोडं कोकोपीट घालतो. माती नावालाच. पावसात कुंडी पागोळ्यांखाली येणार नाही एवढं बघतो. आणि कृपा करून रानातली वेल ओरबाडून आणू नका, नर्सरीत मिळते तेवढी पुरे.

नागपूर, पश्चिमेची खिडकी

इथे मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारच्या उन्हाने पानं आधी लालसर पडली, मग पिवळी. हिरवी जाळी बांधली तेव्हा तगला. कूलरच्या झोताजवळ मात्र ठेवू नका, माझ्या कळ्या त्याच आठवड्यात गळाल्या. झोतामुळेच की जागा हलवल्यामुळे, नक्की सांगता येणार नाही. फूल अजून पाहिलेलं नाही.

डोंबिवली

नागपूरकर, कळी धरल्यावर कुंडी फिरवलीत का? बऱ्याच जणांचा अनुभव आहे की कळ्या दिसल्या की जागा बदलायची नाही आणि मुळं पार सुकू द्यायची नाहीत.

नागपूर

फिरवली ना ताई, घरच्यांना दिसावी म्हणून!

बंगळुरू

मला फेब्रुवारीत ते बदामाच्या आकाराचं एकच पान भेट मिळालं, छोट्या कुंडीत खोचलेलं. तोही होयाच, होया केरी, मूळचा थायलंडकडचा. पान अजून टवटवीत आहे, पण कोंब नाही. वेल कधी सुटेल?

सावंतवाडी

पानाच्या देठाशी खोडाचा तुकडा आणि पेर असेल तर फुटेल. नुसतं पान असेल तर मुळं धरतं, वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल होत नाही. असं पान विकणाऱ्यांचा मला राग येतो, घेणाऱ्याला कुणी सांगतच नाही. कटिंग घ्यायचं तर दोन पेरांचं घ्या. कापल्यावर पांढरा चीक येतो, रुईच्याच कुळातला ना. तो थांबू द्या आणि मग लावा. चीक डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका.

ठाणे

रुईवरून आठवलं. रुईवर जो पिवळाजर्द मावा येतो, तोच माझ्या होयाच्या कळ्यांवर आला. पाण्याच्या फवाऱ्याने धुतला, मग साबणाच्या पातळ पाण्याने. पिठ्या ढेकूण जास्त चिवट. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा दिसला की कानकाडीला सॅनिटायझर लावून एकेक टिपावा लागतो.

न्यू जर्सी, दक्षिणेची खिडकी

इथे उन्हाळ्यात तो बाहेर पोर्चवर असतो. रात्रीचा पारा दहा अंशांखाली जायच्या आत घरात आणतो. हिवाळ्यात खिडकीशी उजेड भरपूर, पाणी अगदी कमी, खत बंद. थोडा गारवा आणि कोरडेपणा त्याला मानवतो. माझा अंदाज, त्यानंतरच वसंतात कळ्या धरतात. हीटरच्या जाळीवर मात्र टांगू नका. एक प्रश्न. लांबच लांब बिनपानाच्या काड्या निघतात, त्या छाटू का? बायको म्हणते, खराट्याचे हीर दिसतात.

पुणे, सदाशिव पेठ

मुळीच छाटू नका. आधी काडी लांबते, आधार शोधते, पानं मागाहून येतात. तारेच्या कड्यावर गुंडाळा. वहिनींना सांगा, फुलं बरेचदा त्याच वेलीवर येतील.

वाशी, उत्तरेची खिडकी

पांढऱ्या कडांच्या पानांचा आहे. वाढ हळू, आणि मधूनच पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमाने पळते म्हणून मी मुळापासून काढते, नाहीतर सगळा वेल हिरवा होत जातो. फूल नाही. उत्तरेच्या उजेडात कुणाला आलंय का? ग्रो लाइट लावणाऱ्यांनी किती वॅटचा आणि किती तास, तेही लिहा, दिवाळीच्या आधी घ्यायचा विचार आहे.