एका डीडीटीत कुस्ती संपायची, ते दिवस खरे होते की माझंच वय झालं?

मागवाला:

मंडळी, भांडण सोडवा. घरात रोज चाललंय.

मी इचलकरंजीचा, वय ४२. गल्लीत केबल आली तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. शेजारी मागांचा खडखडाट, त्यामुळं टीव्हीला कान लावून डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताचं डब्ल्यूडब्ल्यूई, अमेरिकेतली कुस्ती) बघायचो. इंग्रजी तसंही कळत नव्हतं, फार काही बिघडलं नाही. कोण सज्जन आणि कोण हलकट ते चालीवरून कळायचं. खिशात पैलवानांच्या पत्त्यांचा कॅट. अगडबंब योकोझुना हातात आला की डोळे झाकून 'वजन' म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता ओढायचा.

आता पोरगं १४ वर्षांचं. तेही बघतं, पण मोबाईलवर. परवा त्यानं मला बळंच शेजारी बसवलं. दोन गडी, चपळ म्हणजे किती चपळ! आमच्या वेळी स्वप्नातही न आलेले डाव. एकानं दुसऱ्याला डीडीटी मारला, म्हणजे डोकं काखेत आवळून मागं पडायचं आणि ते मॅटवर आपटायचं. मी म्हटलं, संपली. (खांदे टेकवून रेफरीनं तीन मोजले की निकाल.) दोन मोजले, उठला. सुपरकिक, थेट हनुवटीवर लाथ. दोन मोजले, उठला. मग कॅनेडियन डिस्ट्रॉयर, म्हणजे माणसाचं डोकं मांड्यांत धरून त्याच्यासकट कोलांटी मारायची आणि डोकं मॅटवर रोवायचं. तो गडी उठला तो उठलाच, वर ह्यालाच लाथ घातली. मी चहाला उठलो. पोरगं म्हणालं, "बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

आता सांगा. जेक रॉबर्ट्सचा डीडीटी बसला की आम्ही रेफरीच्या हाताकडं बघतच नव्हतो, नजर सापाच्या पोत्याकडं. शॉन मायकल्स कोपऱ्यात जाऊन पाय आपटायला लागला की आख्खी गल्ली ओरडायची, कारण पुढची लाथ म्हणजे निकाल. तीच लाथ आता प्रत्येकजण मारतो, चहात साखर टाकल्यासारखी.

आणि हे सगळं ठरवलेलं असतं हे मला सांगू नका. आमचे आजोबा तालमीत वाढलेले. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं बघून म्हणाले, "नुरा हाय ह्यो. आदीच ठरीवल्यालं." विषय संपला. पण बसून राहिले हां, रोज बसायचे. म्हणायचे, "नुरा बी अशी खेळावी की मागं बसल्याल्याला शंका याया पायजे." माझी तक्रार एवढीच आहे. हल्लीच्या कुस्तीत शंकाच येत नाही.

की मीच म्हातारा झालो?

सातारी_सुपरकिक:

काका, प्रेमानं सांगतो, दुसरं कारण जास्त बरोबर आहे.

मी २२ वर्षांचा. तुम्ही लोक 'जुनं जुनं' म्हणता म्हणून जुनं हुडकून बघितलं. १९८७ चं रेसलमेनिया ३, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा खेळ. अमेरिकेतलं पोंटियाक सिल्व्हरडोम मैदान, कंपनीनं सांगितलेला प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ (त्यावरही वाद आहेच). हल्क होगननं महाकाय आंद्रेला उचलून आपटला, तो क्षण भारी, मान्य. पण त्याच्या आधीची दहा मिनिटं बघितलीत का? आंद्रेच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, बिचाऱ्याला धड हलता येत नव्हतं. मिठी मारून उभे आहेत नुसते. होगनचं तर दर वेळी ठरलेलं: मार खायचा, अंग थरथरवायचं, बोट दाखवायचं, तोंडावर बूट, मग लेग ड्रॉप (पाय पसरून पडलेल्याच्या अंगावर बसायचं), आरती.

आता त्याच रात्रीची रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोटची मॅच बघा. जेमतेम पंधरा मिनिटं, सॅव्हेजनं एकेक डाव आधी लिहून पाठ करून घेतलेला, आणि त्यात दोन मोजून उठणं ढिगानं आहे. म्हणजे तुम्ही ज्याला 'हल्लीचं' म्हणताय ते १९८७ लाच सुरू झालेलं, आणि जुने लोक आज त्याच मॅचला डोक्यावर घेऊन नाचतात.

दुसरं, फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा ठरलेला डाव, आजही जपतात. जपानात गाजलेल्या केनी ओमेगाचा वन-विंग्ड एंजल घ्या. ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम, ओकाडाबरोबर ४६ मिनिटं. ओमेगा तो डाव लावायला बघतोय आणि ओकाडा दर वेळी निसटतोय. शेवटपर्यंत लागतच नाही, ओमेगा हरतो. मग जून २०१८ ला ओसाकात परत दोघं, तासाभराच्या वर. तिथं त्याच डावानं किताबाचा बेल्ट आला. बेल्टसाठी दीड वर्ष थांबवलं की प्रेक्षकांना! तुमच्या जेक रॉबर्ट्सच्या वरचढ आहे हे.

आणि शेवटचं, जरा कडू. मिक फोलीला १९९८ साली पिंजऱ्याच्या छतावरून खाली टाकला, ते आपण सगळे 'लय भारी' म्हणून शेअर करतो. जानेवारी १९९९ ला तोच माणूस हात मागं हातकडीत, आणि रॉक त्याच्या डोक्यावर खुर्च्या मारतोय, मारतोय, मारतोय. पहिल्या रांगेत त्याची बायको-पोरं. ती खुर्ची 'नुरा' नव्हती. डोक्यावर खुर्ची मारायला डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१० ला बंदी घातली. त्याच्या आधीचं जे काही 'खरं' दिसत होतं त्याचं बिल पैलवानांनी भरलंय. पैलवान ख्रिस बेन्वाचा मेंदू मेल्यावर तपासला तेव्हा काय निघालं ते वाचा.

चाळीतला बाळ्या:

वाद तुमचा चालू द्या. फक्त एक सांगतो, 'जुनं' म्हणजे १९९५ नव्हे हो.

माझे वडील वरळीला गिरणीत. दारासिंग आणि परदेशी पैलवान किंग काँगची कुस्ती वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये बघून आलेले. तेव्हा रेसलिंग कोणी म्हणत नसे, 'फ्रीस्टाइल' म्हणत. किंग काँगच्या पोटाचं वर्णन करताना वडील दोन्ही हात पसरायचे आणि तरी मावायचं नाही. १९६८ ला मुंबईत दारासिंगनं अमेरिकन लू थेझला हरवला, तेव्हा चाळीत पेढे वाटले म्हणतात. ठरवलेली होती का? खालच्या मजल्यावरचे एक मास्तर 'होती' म्हणायचे. वडील त्यांच्याशी पुढं कित्येक दिवस बोलले नाहीत.

तर मागवालेसाहेब, तुमच्या काळातल्या ब्रेट हार्टला बघून आमचे वडील काय म्हणाले असतील? "हा काय पैलवान? गुलाबी चड्डीतला!"

एडिसनकर:

दारासिंगपासून ओमेगापर्यंत आलात, पण एका बाईचं नाव नाही निघालं. म्हणून लिहितेय.

मी ठाण्यात वाढले, दोन भाऊ. रेसलिंग तिघं मिळून बघायचो, पण बायकांची मॅच लागली की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बंद करा ते." आणि तिचं बरोबर होतं. कुस्ती नव्हतीच ती, एकमेकींचे कपडे ओढायचे. मागवालेदादा ज्या काळाची आठवण काढताहेत तो हाच काळ. माझे भाऊ लाजून छताकडे बघायचे आणि मी पाणी प्यायला उठायचे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'रॉ' ह्या टीव्ही कार्यक्रमात चौघींची टॅग मॅच (दोघी विरुद्ध दोघी) झाली, जेमतेम ३० सेकंद! लोक भडकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला साशा बँक्स आणि बेलीची मॅच झाली. साशानं बेलीचा दुखरा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मागवालेदादा, तुम्हाला हवी ती 'शंका' तिथे मिळेल.

२०१९ चं रेसलमेनिया ३५ आमच्या इथेच, न्यू जर्सीत होतं. गेलो. नवरा तिसऱ्या तासापासून जांभया देत होता. शेवटची मॅच बायकांची, रेसलमेनियाच्या इतिहासात पहिल्यांदा. बेकी लिंच, शार्लट, राँडा राउझी. ती संपली तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेलेले, अंगात दोन स्वेटर, पाय गारठलेले. शेवट तर गडबडलाच, राँडाचा खांदा मोजता मोजता उचललेला दिसत होता. तरी मी खुर्चीवर उभी राहून किंचाळले. लगेच व्हिडिओ कॉल लावला, ठाण्यात सकाळ होती. आई म्हणाली, "आता कपडे नीट घालतात वाटतं."

तेव्हा 'तेच दिवस चांगले' म्हणताना जरा बघा, कोणाचे.

सातारी_सुपरकिक:

+१ ताई. आणि आईंना दंडवत.

मागवाला:

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण मधे एक प्रयोग केला.

आधी कबुल्या. एडिसनकरताई, बिनशर्त मान्य. आमच्याही घरी आई हेच म्हणायची आणि आम्ही हेच करायचो. साशा-बेली बघितली, हाताचं म्हणता ते खरंय. बाळ्याशेठ, गुलाबी चड्डीबद्दल आपलं वेगळं बोलणं होईल. सुपरकिक, खुर्चीचं तुझं बरोबर, माझ्याकडं उत्तर नाही. ओवेन हार्ट १९९९ ला छतावरून रिंगमध्ये उतरताना पडून गेला आणि त्या रात्रीचा खेळ पुढं तसाच चालू ठेवला. असल्या काळाला सोन्याचा म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.

पण मी दुखापत मागतच नव्हतो. दुखणं मागत होतो. दुखलेलं राहू दे की जरा वेळ! पायावर घाव बसला तर पाच मिनिटांनी लंगडायला नको? दोन मोजून उठण्याला माझा विरोध नाही, फुकट उठण्याला आहे. रेसलमेनिया १४ ला केन अंडरटेकरच्या टूमस्टोनमधून (माणसाला उलटा धरून डोकं मॅटवर आदळायचं) उठला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला होता, कारण त्यातून कोणी उठायचंच नाही. गोष्टीतल्या भावाला पाडायला अंडरटेकरला तीन टूमस्टोन लागले. आणि २०१८ च्या रेसलमेनियाला लेस्नरनं रोमन रेन्सला आपला फिनिशर, एफ-फाइव्ह, किती वेळा मारला? सहा. मॅच चालू असतानाच मैदानातले लोक बीच बॉल खेळायला लागले. (रोमन योकोझुनाच्याच घराण्यातला, हे पोरानंच मला सांगितलं. घराण्यावर राग नाही.)

तर प्रयोग. रविवारी पोराला बसवलं. रेसलमेनिया १३, मार्च १९९७, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. पिन नाही, एकानं हार कबूल करायची. रेफरी केन शॅमरॉक. पोराच्या हातात मोबाईल होताच, मी काही बोललो नाही.

ब्रेट बघा कसा खेळतो. ऑस्टिनच्या गुडघ्याला पट्टा, तर तोच गुडघा. खांबाला पाय अडकवून पिळतो, लाथ मारतो तीही तिथंच. ऑस्टिन पुढची प्रत्येक गोष्ट एका पायावर करतो. मग कपाळ फुटतं. वायरनं ब्रेटचा गळा आवळायला जातो, ब्रेट रिंगची घंटा उचलून हाणतो आणि शार्पशूटर (पालथं पाडून पाय पिळायचा पेच) लावतो. ऑस्टिनच्या दातांतून रक्त, शॅमरॉक विचारतोय, हा 'नाही' म्हणतोय. एकदा रेटा देऊन जवळजवळ सुटतो. परत आवळतो ब्रेट. शेवटी ऑस्टिन तसाच बेशुद्ध. हार कबूल केलीच नाही. मॅच संपल्यावरही ब्रेट त्याचा पाय तोडायला येतो, आणि इतका वेळ ब्रेटचं असलेलं मैदान ऑस्टिनचं होऊन जातं. ऑस्टिन आधाराला आलेल्यालाच स्टनर, हा त्याचा फिनिशर, घालतो आणि आपल्या पायानं लंगडत आत जातो. एका मॅचमध्ये सज्जन हलकट झाला आणि हलकट सज्जन, माईकवर एक शब्द न बोलता.

ही मॅच आमच्याकडं लागली तेव्हा आजोबा तंबाखू मळत बसलेले. शार्पशूटर बसल्यावर हात थांबला. चुना तळहातावर तसाच. म्हणाले, "सोड की रं त्येला आता." नुरा म्हणणारा माणूस! मी त्यांच्याकडं बघून हसलो तर शिवी खाल्ली.

पोरगं काय म्हणालं ते सांगतो. मॅच चालू असताना काही नाही. मोबाईल दोनदा वाजला, बघितला नाही. संपल्यावर पहिला प्रश्न, "रक्त खरं का?" म्हटलं, रक्त खरं, पण ब्लेडनं चिरून काढलेलं. ते आधी ठरलेलं. जरा वेळ गप्प. मग म्हणतो, "म्हणजे चिरून घेऊन वर एवढं नाटक पण करायचं?" मी म्हटलं, हो. "मग गुडघा?" ब्रेटनं तो खराच मोडला नव्हता, म्हटलं. ऑस्टिन नुसता दुखत असल्यासारखा खेळला. पोरानं मोबाईलवर पाच मिनिटं मागं ओढून परत बघितलं, ऑस्टिन वजन कुठल्या पायावर टाकतोय ते.

आता त्याची अट अशी की शनिवारी मी ओमेगा आणि ओकाडाची सगळी ४६ मिनिटं बघायची. मधे चहाला उठायचं नाही, आणि दोन मोजल्यावर 'झालं' म्हणायचं नाही. सुपरकिक, वन-विंग्ड एंजल दिसतो कसा ते आधी सांगून ठेव. पोरापुढं परत अडाणी ठरायचं नाही.