सोनेरी महालाच्या बागेत जलरंगात निसर्गचित्र : मार्गदर्शन हवे

परभणीकर :
छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालासमोर बसून जलरंगात चित्र करण्याची फार दिवसांची इच्छा आहे. बुंदेलखंडच्या सरदाराने 17व्या शतकात बांधलेली ही वास्तू, तिच्या कमानी, मागचा डोंगर आणि पुढची बाग असा तो विषय आहे. मात्र मार्चनंतर आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली उतरण्याआधीच वरून वाळतो आणि नको तिथे कडा उमटतात. यावर अनुभवी मंडळींनी उपाय सुचवावा, ही विनंती.

जलरंगप्रेमी :
उपाय कागदापासूनच सुरू करावा लागतो. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पाटीवर पसरला, तर ओल बराच वेळ टिकते. उघड्या लाकडी बोर्डवर ती टिकत नाही, कारण लाकूड पाणी शोषून घेते. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंबही चालतात, पण अधिक झाल्यास रंग चिकट राहतो. कागद मात्र सावलीतच ठेवावा. उन्हात रंग मुळापेक्षा उजळ भासतो, आपण तो गडद करत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते.

अंबाजोगाईची चित्रकर्ती :
सरांनी सांगितलेले योग्यच आहे, तरी माझ्या मते या जागी खरी कसोटी सावलीची आहे. कमानीतली सावली पाहता पाहता सरकते, म्हणून बसल्याबरोबर तिची सीमा पेन्सिलीने आखून घ्यावी आणि नंतर ऊन कितीही हलले तरी ती बदलू नये. सावलीत काळा रंग वापरू नये. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून येणारा राखाडी रंग तिथे जिवंत वाटतो, आणि जमिनीवरून परतणाऱ्या उजेडामुळे कमानीच्या आतल्या वरच्या भागात थोडी ऊब दाखवावी लागते. महालात एके काळी सोनेरी रंगातली चित्रे होती, पण बाहेरच्या भिंतींना त्यासाठी पिवळा रंग चढवण्याचे कारण नाही.

जालनेकर :
ताईंच्या मताशी मी सहमत आहे. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो : तिथे राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे, तेव्हा ईझल (चित्राची घोडी) मांडण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे. ब्रश धुतलेले पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नये, कारण कॅडमियमचे रंग विषारी असतात. ते पाणी बाटलीत भरून परत न्यावे.