स्वस्त फाउंडेशन आणि स्वस्त काजळ : पैसे वाचवायचे कुठे?

खानापूरकरीण :

माझ्या मामेबहिणीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरले आहे आणि तेव्हापासून आमच्या घरी एकच वाद चालू आहे. मामींचे म्हणणे असे की, चेहऱ्यावर आणि डोळ्यांना लावायचे ते भारीतलेच घ्यावे, मग साडीत हजार रुपये कमी झाले तरी चालतील. मला ते पटत नव्हते, म्हणून जुलैमध्ये बेळगावच्या गणपत गल्लीतून एक फाउंडेशन, एक काजळ, एक लिक्विड आयलायनर आणि एक मस्कारा अशा चार वस्तू मिळून हजार रुपयांच्या आत घेतल्या आणि तीन आठवडे रोज वापरून पाहिल्या. मी रोज बसने खानापूरहून बेळगावात टिळकवाडीला कामाला येते. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, बसमध्ये दमट उकाडा असतो आणि उतरल्यावर छत्री असूनही तोंडावर पाणी येतेच. त्यामुळे यापेक्षा कठीण परीक्षा मला घेता आली नसती.

फाउंडेशनबद्दल आधी सांगते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मनगटावर लावून घेतलेली पहिली शेड घरी गच्चीवर पाहिली तर गुलाबी दिसत होती. दुसऱ्या खेपेला जबड्याच्या कडेला तीन शेडचे तीन पट्टे ओढले आणि दुकानाबाहेर उजेडात अर्धा तास थांबले, कारण हवेशी आणि चेहऱ्याच्या तेलाशी संबंध आल्यावर फाउंडेशनचा रंग थोडा गडद होतो. मधला पट्टा अर्ध्या तासाने मानेच्या रंगात मिसळून गेला, तोच घेतला. ओल्या स्पंजने पातळ थर लावून वर थोडी लूझ पावडर थोपटली की दुपारच्या जेवणापर्यंत ते नाकाच्या कडा सोडून कुठेही फुटले नाही. आयलायनर संध्याकाळपर्यंत टिकला. मस्काऱ्याने पापण्यांवर थोड्या गुठळ्या धरल्या, पण तो डोळ्यांखाली उतरला नाही. काजळ मात्र वाटेतले गणेबैल गेले की पसरायला लागायचे आणि पिरनवाडीपर्यंत डोळ्यांखाली सावली पडायची.

माझे मत असे की, काजळाचा अपवाद सोडला तर स्वस्त वस्तूंनी काम चोख केले. बाटली तीनशेची असो वा तीन हजारांची, फाउंडेशनला रंग देणारे मुख्य घटक लोहाची ऑक्साइडे आणि टायटॅनियम डायऑक्साइड हेच असतात. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जाऊ नये म्हणून १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. आपल्या बाजारपेठेला परवडणारे आणि तरीही चांगले प्रसाधन ही कल्पना काही आजची नाही. मग नवरीने भारीतलेच का घ्यावे?

निपाणीकर (ब्यूटी पार्लर) :

ताई, तुमचा प्रयोग मनापासून आवडला, पण तो रोजच्या वापराचा आहे, लग्नाचा नाही, आणि या दोहोंत फार अंतर आहे. घटक तेच असले तरी त्यांचे प्रमाण, ते किती बारीक दळले आहेत आणि एकमेकांत किती सारखे मिसळले आहेत, यावर सगळे ठरते. कमी किमतीच्या पुष्कळ फाउंडेशनमध्ये शेड मोजक्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक गोऱ्या बाजूला झुकलेल्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली शेतात राबणाऱ्या घरातल्या आहेत. त्यांचा चेहरा उन्हाने गव्हाळ-सावळा झालेला असतो, मान त्याहून वेगळी आणि हात आणखी वेगळे. फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असते, ती सावळ्या कातडीवर लावली की खालून राखाडी छटा दिसायला लागते. प्रत्यक्षात ते पटकन लक्षात येत नाही, पण फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की चेहरा पांढुरका आणि मान काळी, असा फोटो वीस वर्षे भिंतीवर राहतो.

म्हणून माझे म्हणणे तुमच्या मामींच्या बाजूचे आहे, पण अर्धेच. चेहऱ्यावर पैसे घाला आणि डोळ्यांवर वाचवा. मी प्रत्येक नवरीला दोन शेड मिसळून लावते, आणि मिसळता येतील अशा दोन शेड ज्या मालिकेत मिळतात ती बहुधा स्वस्त नसते. आयशॅडो मात्र मी सर्रास कमी किमतीची वापरते, कारण त्यात अभ्रक, टाल्क आणि रंगद्रव्य यांपलीकडे फारसे काही नसते आणि ओल्या ब्रशने लावली की साधी सोनेरी छटाही शालूच्या जरीला साजेशी चमकते.

शहापूरकर (औषध दुकान) :

मी दोघींशीही असहमत आहे आणि माझे कारण सौंदर्याचे नाही. चेहऱ्यावर शेड चुकली तर फोटो बिघडतो, पण डोळ्यांत चुकीची वस्तू गेली तर डोळा बिघडतो. त्यामुळे वाचवायचे असेल तर चेहऱ्यावर वाचवा, डोळ्यांवर नको. आमच्याकडे सणासुदीनंतर लाल, चिकट डोळे घेऊन थेंब मागायला येणाऱ्या मुलींना मी आधी डॉक्टरांकडे पाठवतो आणि काय लावले होते ते विचारतो. एकदा एका मुलीने पर्समधून काजळाची कांडी काढून दाखवली : वेष्टनावर एका प्रसिद्ध नावासारखेच नाव, एक अक्षर बदललेले, आणि खाली बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. आठवडी बाजारातून तीस रुपयांना घेतली होती.

सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांमध्ये शिसे २० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत वीस भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. ज्या कांडीवर उत्पादकाचा पत्ताच नाही, तिच्यात हे कोण तपासणार? पारंपरिक सुरमा तर मुळात शिशाच्याच खनिजापासून केला जातो. आपण ज्याला ‘स्वस्त’ म्हणतो त्यात परवानाधारक कंपनीची दोनशेची वस्तू आणि ही तीस रुपयांची कांडी दोन्ही येतात, आणि आपल्या चर्चेत हा भेद आतापर्यंत कुणीच केलेला नाही.

चिकोडीची लेक :

मग घरचे काजळ का नको? आमची आजी तुपाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी धरून काजळी धरायची आणि त्यात घरचे लोणी खलून चांदीच्या डबीत भरायची. त्यात शिसे नाही, कंपनी नाही, खर्च नाही. तिचे डोळे ऐंशीव्या वर्षीही चांगले होते.

शहापूरकर (औषध दुकान) :

आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, काजळी म्हणजे धुराचाच थर आणि लोणी म्हणजे जंतूंना खाद्य. ती डबी महिनाभर वापरली जाते आणि घरातल्या सगळ्यांचे बोट तिच्यात जाते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते घरच्या काजळालाही तितकेच लागू आहे. डोळ्याबाहेर गालाला तीट लावायला ते खुशाल वापरा.

खानापूरकरीण :

शहापूरकर दादा, वेष्टनाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी घेतलेल्या चारही वस्तूंवर परवाना क्रमांक आणि बॅच नंबर होता, पण ते मी आता तुमचे वाचून पाहिले, घेताना पाहिले नव्हते. मात्र त्यावरून डोळ्यांवर जास्त खर्च करावा हा निष्कर्ष मला अजूनही पटत नाही, उलट मस्काऱ्याच्या बाबतीत स्वस्त वस्तूच अधिक सुरक्षित वाटते. उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा असे सांगतात, कारण दर वेळी पापण्यांना लागलेला ब्रश पुन्हा ओल्या, बंद नळीत जातो. माझ्या बहिणीकडे दीड हजारांचा मस्कारा आहे आणि तो तिने गेल्या वर्षीच्या दिवाळीत उघडलेला आहे, कारण इतके पैसे दिलेली वस्तू टाकवत नाही. अडीचशेचा असता तर तिने तो संक्रांतीनंतर कधीच टाकून दिला असता.

निपाणीच्या ताई, फ्लॅशचा मुद्दा मला खोडून काढता येत नाही, कारण मी बसमध्ये फ्लॅश लावून पाहिलेला नाही. पण दोन शेड स्वस्त मालिकेत मिसळता येत नाहीत हे मान्य नाही. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या दोन बाटल्या घेतल्या तर त्या मिसळतात. गडबड होते ती एक पाण्यावर आधारलेली आणि दुसरी सिलिकोनवर आधारलेली घेतली तर, कारण मग त्या चेहऱ्यावर फाटतात आणि त्यांचे कण सुटतात. सहाशे रुपयांत दोन बाटल्या होतात.

निपाणीकर (ब्यूटी पार्लर) :

मस्काऱ्याचे तुमचे म्हणणे मी उद्यापासून माझ्या गिऱ्हाइकांना सांगणार आहे. फाउंडेशनबद्दल मी माझ्या जागी ठाम आहे, पण वाद घालण्यापेक्षा करून पाहू. बहिणीला हळदीच्या आठवडाभर आधी माझ्याकडे घेऊन या; हळदीच्या दिवशी नको, कारण तेव्हा कातडीचा रंग पिवळा झालेला असतो आणि कोणतीच शेड खरी दिसत नाही. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला तुमच्या दोन बाटल्या मिसळून लावू, उजव्या बाजूला माझे, आणि अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून मान दिसेल असा फोटो काढू. कोणती बाजू कोणाची हे मामींना सांगायचे नाही.