पम्पकिनसीड सनफिश घरच्या टाकीत ठेवता येईल का?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात लेकीला घेऊन इथे न्यू जर्सीतल्या तळ्यावर गळ टाकायला जातो. पम्पकिनसीड, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला एक सनफिश, भरपूर लागतात. नारिंगी पोट, गालांवर निळ्या नागमोडी रेघा, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला लाल ठिपका. लेकीचं म्हणणं, दुकानातल्या कुठल्याही माशापेक्षा हाच देखणा, मग हाच घरी आणू. आमच्याकडे २० गॅलनची टाकी आहे. तीत गप्पी आणि निऑन टेट्रा आहेत, हीटर ७८ फॅरनहाइटवर. दोन-तीन छोटे पम्पकिनसीड सोडले तर चालतील का? खायला काय घालायचं? आणि फार मोठे झाले तर पुन्हा तळ्यात सोडता येतील ना?

तळ्याकाठची:
मी साउथ जर्सीत राहते आणि बरीच वर्षं इथलेच मासे पाळते. लेकीच्या नजरेला दाद द्यायला हवी. लोक हजारो मैलांवरून आलेले मासे विकत घेतात आणि दारातल्या तळ्यातला हा मासा त्यांनी नीट पाहिलेलाही नसतो.

पण २० गॅलनला माझं स्पष्ट नाही. आज बोटाएवढा दिसणारा पम्पकिनसीड पुढे सहा-सात इंचांचा होतो. तोंडात मावेल ते तो खातो, म्हणजे निऑन आधी संपतील. शिवाय दोन-तीन ठेवले की त्यातला दांडगा बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून ठेवतो. त्यांचे पर फाटतात, खाणं तुटतं. एकच ठेवा आणि त्याला किमान ५५ गॅलन द्या. जमलं तर ७५, कारण लांबी तीच चार फूट असली तरी रुंदी १८ इंच मिळते आणि मासा आरामात वळतो. एकटा राहिला तर कंटाळेल, ही काळजी करू नका. तो तुम्हाला ओळखायला लागतो, खोलीत आलात की काचेपाशी येतो.

हीटर नको. माझी टाकी बेसमेंटमध्ये आहे, हिवाळ्यात पाणी ६०च्या खाली उतरतं. तेव्हा तो ओंडक्याखाली थांबून राहतो, खाणं निम्म्यावर येतं. हा थंडीचा काळ त्याला मिळू द्या. वसंतात पाणी ६८च्या आसपास आलं की नराचे रंग असे काही चढतात की बघत राहावं! मग तो शेपटीने वाळू झाडून खळगा करतो. घरटं नरच करतो, अंडी-पिल्लांची राखणही तोच करतो. माझ्या टाकीत मादी नाही, तरी दरवर्षी खळगा होतोच. त्या दिवसांत पाणी बदलायला हात घातला की सरळ बोटाच्या पेरावर येऊन धडकतो.

खायला सुरुवातीला गांडुळाचे तुकडे घाला, मात्र ज्या लॉनवर फवारणी झाली आहे तिथली गांडुळं नकोत. मग फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), ब्लडवर्म (चिलटांसारख्या किड्यांच्या लाल अळ्या), आणि हळूहळू पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. जिवंत गोल्डफिश घालू नका. त्यांच्यातल्या थायमिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते, रोगही येतात. गोगलगायी मात्र आनंदाने द्या. या माशाच्या घशात चपटे, मजबूत दात असतात. गोगलगाय तोंडात गेली की थोड्या वेळाने कवचाचे कपचे वाळूवर पडतात.

रानातून आणलेल्या माशाच्या अंगावर तिळासारखे काळे ठिपके दिसतील. त्या कृमीच्या अळ्या आहेत. त्यांचं चक्र पुरं व्हायला गोगलगाय आणि मासे खाणारा पक्षी दोन्ही लागतात, त्यामुळे टाकीत त्या वाढत नाहीत. तरी नवा मासा महिनाभर वेगळा ठेवाच.

आणि हे सगळ्याच्या आधी: गळ टाकायचा परवाना म्हणजे मासा जिवंत घरी न्यायची परवानगी नव्हे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याला ईमेल करा, लेखी उत्तर येईपर्यंत बादली घरीच राहू द्या.

ओहायोवासी:
ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोर देतो. २००५पासून ग्रेट लेक्समध्ये व्हीएचएस नावाच्या विषाणूने मासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्यानंतर जिवंत मासे इकडून तिकडे नेण्यावर बरीच बंधनं आली. माशाइतकंच तळ्याचं पाणीही घरी आणू नका.

दुसरं, लहानपणी सगळे सनफिश सारखे दिसतात. ब्लूगिलच्या कल्ल्याची पाळी पूर्ण काळी असते, पाठीच्या पराच्या मागच्या टोकाला काळा डाग असतो. तोंड मोठं आणि अंग लांबट असेल तर बहुधा ग्रीन सनफिश. तो फार भांडकुदळ, नवख्याने घेऊ नये. त्यात या माशांचे आपापसात संकरही होतात.

एडिसनकर:
दोघांचे मनापासून आभार. ७५ गॅलनला सध्या घरात जागा नाही. गप्पी आणि निऑन मित्राकडे देता येतील. मग या २० गॅलनमध्ये इथला कुठला सनफिश राहील का?

तळ्याकाठची:
राहील की! ब्लूस्पॉटेड सनफिश बघा. जेमतेम तीन इंच, गोल शेपटी, काळसर अंगावर निळे चमकते ठिपके. आपल्या साउथ जर्सीतल्या पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलातल्या चहाच्या रंगाच्या आम्लधर्मी पाण्यात तो असतो, पण नळाच्या पाण्यातही छान राहतो. क्लोरीन-क्लोरामीन काढणारं औषध घालायला विसरू नका. टाकी लांबट असेल तर चार-पाच ठेवा, वनस्पती दाट लावा, फिल्टरचा झोत मंद ठेवा. स्वभावाने लाजरे असतात. ब्लडवर्म आणि डॅफ्निया (पाण्यातल्या बारीक पिसवा) खातील, पेलेट्सना बहुतेकदा तोंड लावत नाहीत. त्याचाच भाऊ ब्लॅकबँडेड फार सुंदर, पण तो पकडू नका. व्हर्जिनियासारख्या राज्यात तो संकटग्रस्त यादीत आहे.

पुन्हा तळ्यात सोडायचं राहिलंच. नाही, त्याच तळ्यातही नाही. दुकानातल्या माशांचे रोग त्याच्याबरोबर तळ्यात जातात. दुसऱ्या पाण्यात सोडला तर काय होतं ते जपानला विचारा. १९६०मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. आज ते बिवा सरोवरात स्थानिक माशांच्या मुळावर आले आहेत. २००७मध्ये सम्राट असताना अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. तुमचा पम्पकिनसीड २०१९पासून युरोपीय संघाच्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

मासा नको झाला तर नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन म्हणजे नानफामध्ये विचारा. १९७२पासूनची संस्था आहे, याच माशांच्या वेडाने एकत्र आलेली माणसं. टाकीत जन्मलेले ब्लूस्पॉटेड कोणाकडे मिळतील, हेही तिथेच विचारा. ते घेतलेत तर रानातून पकडायची वेळच येणार नाही.