स्पॉटिंगमध्ये दुसऱ्यांदा नापास झाले, बारा दिवस राहिलेत, मदत हवी आहे

नीलपंख
सगळं पाठ आहे तरी प्राणिशास्त्राच्या स्पॉटिंगमध्ये, म्हणजे टेबलांवर मांडलेले नमुने ओळखायच्या परीक्षेत, गुण मिळत नाहीत. थिअरीत मी वर्गात पहिल्या पाचात असते. प्राण्यांचा कुठलाही संघ (मोठा गट) विचारा, लक्षणं घडाघडा सांगेन. पण प्राण्याची बरणी समोर आली की डोकं रिकामं होतं. असं दुसऱ्यांदा झालंय आणि बारा दिवसांनी पुन्हा बसायचंय. कृपा करून "अभ्यास कर" असं सांगू नका, तो मी रोज करतेय. काय करू ते लवकर सांगा.

तिसरीओळ
कितवं वर्ष? अपृष्ठवंशीय, पृष्ठवंशीय की दोन्ही? नुसत्या बरण्या असतात की स्लाइड आणि हाडंही? एका स्पॉटला किती वेळ? नुसतं ओळखायचं की वर्गीकरण आणि लक्षणंही लिहायची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवाट
फ्लॅशकार्ड. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाव आणि तीन लक्षणं. आज पाहिलेलं कार्ड उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पाहायचं. विसरण्याचा वेग मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजून दाखवलाय. मी पूर्ण पदवी अशीच केली. दुसरं काही करू नकोस.

पाणकिडा
नीलपंख, एका परीक्षेने खचून जाऊ नकोस. प्राणिशास्त्रानंतर वाटा भरपूर आहेत: कीटकशास्त्र, परजीवीशास्त्र, मत्स्यविज्ञान, वन्यजीव, जनुकशास्त्र. मी कीटकांकडे वळलो आणि समाधानी आहे. जनुकशास्त्राकडे जायचं असेल तर आत्तापासून फळमाशीवरचं काम वाचायला लाग. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनने १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या माशीवरून जे सुरू केलं, तिथून सुरुवात कर.

नीलपंख
@पाणकिडा, पुढे काय करायचं हे मी विचारलेलंच नाही.
@रानवाट, फ्लॅशकार्ड आहेत माझ्याकडे. दोनशेच्या वर. सगळी येतात.
@तिसरीओळ, दुसरं वर्ष, दोन्ही. बहुतेक बरण्याच. दोन मिनिटांनी घंटा होते आणि पुढच्या टेबलावर जायचं. ओळख, वर्गीकरण, दोन लक्षणं. पण याने काय फरक पडतो?

जुनी_वही
फ्लॅशकार्डने नाव लक्षात राहतं, प्राणी नाही. चित्र काढ. पेन्सिल हातात असली की डोळ्याला थांबावंच लागतं. एकोणिसाव्या शतकातला प्राणिशास्त्रज्ञ अगासी आपल्या विद्यार्थ्यापुढे अल्कोहोलमधला एकच मासा ठेवून तीन दिवस फक्त बघायला लावायचा. विद्यार्थी कंटाळायचा, मग काढायला लागायचा आणि तेव्हा कुठे त्याला मासा दिसायचा.

रानवाट
तिच्याकडे बारा दिवस आहेत. एका माशाला तीन दिवस दिले तर चारच मासे होतील. दोन मिनिटांच्या घंटेला आठवण लागते, चिंतन नाही.

जुनी_वही
तिची दोनशे कार्डं पाठ आहेत आणि तरी ती दोनदा गेली. आठवण कमी पडत असती तर थिअरीतही पडली असती.

तिसरीओळ
दोघं जरा थांबा. नीलपंख, मागच्या वेळी काय काय चुकलं ते नावानिशी लिही. काय होतं आणि तू काय लिहिलंस.

नीलपंख
आठवतंय तेवढं लिहिते. इक्थिओफिस (बिनपायाचा उभयचर) होता, मी गांडूळ लिहिलं. बॅलॅनोग्लॉससला (मऊ समुद्री कृमी) नेरीस (वलयांचा समुद्री कृमी). ॲसिडियनला (पिशवीसारखा समुद्री प्राणी) स्पंज. लिम्युलसला (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा समुद्री प्राणी) खेकडा. पेट्रोमायझॉनला (म्हणजे लॅम्प्रीला) वाम. इक्थिओफिसच्या अंगावर दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा असतो हे मला पक्कं माहीत होतं. त्या बरणीत पट्टा नव्हताच! सगळं एकाच मळकट रंगाचं. काचेतून नीट दिसतही नाही.

तिसरीओळ
कार्डांवरची चित्रं कुठली आहेत?

नीलपंख
मोबाइलवरून घेतलेले फोटो. जिवंत प्राण्यांचे, चांगले स्पष्ट. का?

तिसरीओळ
सापडलं. तू रंग पाठ केलास. परीक्षेत रंगच नसतो.

चिमटाभिंग
मी बरीच वर्षं प्राणिसंग्रहाच्या बरण्या सांभाळतो. तिसरीओळ म्हणतात ते खरं आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या प्राण्याचा रंग हळूहळू जातो, अल्कोहोलमध्येही जातो. पिवळा, लाल, हिरवा, काही टिकत नाही. जुन्या बरणीतला साप आणि नव्या बरणीतला साप शेजारी ठेवले तर एकाच जातीचे वाटणार नाहीत. टिकतो तो आकार, खाचा, खवले, छिद्रं, पायांची संख्या. त्यातही एक सांभाळावं लागतं: फॉर्मॅलिन आम्लधर्मी झालं की चुन्याचे भाग विरघळतात. म्हणून स्पंजाचे चुनेरी काटे किंवा नाजूक शंख असले तर आम्ही अल्कोहोल वापरतो.

आणखी एक, कारण मुलं ऐकत नाहीत. नीट दिसत नाही म्हणून बरणीचं झाकण उघडून नाक आत घालू नका. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांमध्ये धरलं. डोळ्यांतून पाणी आलं तर खिडकीपाशी जा.

पाणकिडा
म्हणूनच मी म्हणतो, बरण्या आणि डिसेक्शन आता बंदच व्हायला हवं. त्रिमितीय मॉडेल आहेत, संगणकावर बेडूक उलगडून पाहता येतो.

चिमटाभिंग
एक बरणी पन्नास वर्षं मुलांना शिकवते. त्यासाठी दरवर्षी नवा प्राणी मारावा लागत नाही. मॉडेल करणाऱ्याने जे पाहिलं तेवढंच मॉडेलमध्ये असतं. बरणीतल्या प्राण्यात आजवर कोणीच न पाहिलेलं काही असू शकतं. डिसेक्शनबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं, संग्रहाबद्दल मुळीच नाही.

तिसरीओळ
नीलपंख, आता तुझ्या चुका पुन्हा वाच. पुस्तक संघाप्रमाणे लावलेलं असतं, तुझी कार्डंही तशीच असणार. टेबलावर संघ लिहिलेला नसतो, डोळ्याला आधी आकार भेटतो. म्हणून कार्डं आकाराप्रमाणे लाव. "लांब आणि बिनपायाचे" हा पहिला गठ्ठा. त्यात गांडूळ, जळू, इक्थिओफिस, साप, बिनपायाचा सरडा, वाम, लॅम्प्री, बॅलॅनोग्लॉसस आणि समुद्रकाकडी सगळे एकत्र येऊ देत. यातल्या बहुतेकांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, म्हणूनच ते तुला फसवतात.

मग प्रत्येकाला ठरावीक प्रश्न विचार. अंगावर वलयं आहेत? असतील तर जबडा आहे का ते बघ. वलयं आणि जबडा दोन्ही असतील तर इक्थिओफिस, तो उभयचर आहे. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये बारीक स्पर्शिका असते, मिळाली तर दुसरं लक्षण तेच लिही. जबडा नाही आणि पुढच्या बाजूला पट्ट्यासारखा जाड भाग असेल तर ते गांडूळ. दोन्ही टोकांना चूषक असतील तर जळू. अंगावर खवले असतील तर पापणी आणि कानाचं छिद्र शोध: दोन्ही असतील तर सरडा, नसतील तर साप. अंगाचे सरळ तीन भाग दिसले, पुढे शुंड, मग गळपट्टी, मग धड, की तो बॅलॅनोग्लॉसस. नेरीसला कडेने पॅरापोडियांची (पायांसारख्या उपांगांची) रांग असते, याला काहीच नसतं.

जुनी_वही
हे उत्तम. फक्त प्रत्येक गठ्ठ्याचं एक पान चित्रांचं कर, शेजारी शेजारी, पेन्सिलने, बिनरंगाचं. बरणी समोर ठेवून काढायचं, फोटोवरून नाही. दुसरा गठ्ठा "पिशवीसारखे" घे. स्पंजाच्या अंगावर असंख्य छिद्रं असतात आणि वर मोठं तोंड. ॲसिडियनला नेमकी दोन तोंडं असतात आणि बाहेरून चिवट आवरण. त्याच्या अळीला शेपटीत पृष्ठरज्जू असतो, म्हणून दिसायला पिशवी असली तरी तो तुझ्या-माझ्या संघातला.

रानवाट
आकाराचे गठ्ठे मलाही पटले. पण ते आठवायला पुन्हा कार्डंच लागणार, तेवढं मान्य करा.

जुनी_वही
चित्र स्वतः काढलेलं असेल तर मान्य.

पाणकिडा
लिम्युलसला लोक किंग क्रॅब म्हणतात, तिथेच घोळ होतो. खेकड्याला शृंगिका (मिशा) असतात, याला नसतात. तो कोळी आणि विंचवांच्या बाजूचा. वर्गीकरण लिहिताना आर्थ्रोपोडा (संधिपाद), मग चेलिसेराटा. आणि आर्थ्रोपोडा ॲनेलिडांच्या (गांडूळ, जळू यांच्या संघाच्या) शेजारी ठेवू नकोस. १९९७ मध्ये आरएनएच्या अभ्यासातून दिसलं की कात टाकणारे प्राणी, म्हणजे संधिपाद आणि सूत्रकृमी, एका गटात येतात. त्या गटाचं नाव एक्डायसोझोआ. सरीसृप हा वर्गही आता तसा उभा राहत नाही. मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे.

चिमटाभिंग
परीक्षेला बारा दिवस असताना तिला हे लिहायला सांगू नका. तपासणारा अभ्यासक्रमातली चौकट हातात धरून बसतो. तिथे सरीसृप वर्ग असेल तर सरीसृपच लिहायचं.

पाणकिडा
चुकीचं लिहायला शिकवायचं का मग?

चिमटाभिंग
वर्गीकरण बदलत आलंय. वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत कीटक आणि पाठीचा कणा असलेले प्राणी सोडले तर उरलेला जवळजवळ सगळा पसारा "कृमी" या एका वर्गात होता. कोणत्या चौकटीत उत्तर मागितलंय हे ओळखणं हाही अभ्यासच. खरं काय ते थिअरीत कारणांसहित लिहावं, दोन मिनिटांच्या स्पॉटला नाही.

तिसरीओळ
इथे मी चिमटाभिंग यांच्या बाजूने. मगरीबद्दल वेगळा धागा काढा, मलाही बोलायचंय. नीलपंख, संग्रह परीक्षेआधी बघायला मिळतो का? हे विचारायचंच राहिलं.

नीलपंख
मिळतो. रोज दुपारी उघडा असतो. मी कधी गेलेच नाही, फोटो जास्त स्पष्ट होते म्हणून.

तिसरीओळ
उद्या जा. पेन्सिल घेऊन जा, मोबाइल बाहेर ठेव.

नीलपंख (चार दिवसांनी)
रोज दोन तास बसतेय. लांब बिनपायाच्यांची तीन पानं झाली. इक्थिओफिसच्या वलयांवर बोट ठेवून मोजायला गेले, तर गांडुळाचा विचारही मनात आला नाही. डोळा दिसला, कातडीखाली दबलेला, बारीक. इतकी छान गोष्ट मी दोन वर्षं फोटोवरून पाठ करत होते.

आता एक अडलंय. कोपऱ्यात एका बरणीची चिठ्ठी गळून पडलीय. लांब, गुळगुळीत, खवले नाहीत. डोळ्यामागे एका ओळीत छिद्रं आहेत. वामच वाटते, पण मन मानत नाही.

चिमटाभिंग
छिद्रं किती? छातीशी परांची जोडी आहे का?

नीलपंख
एका बाजूला सात. जोडीचे पर कुठेच नाहीत. पाठीवर आणि शेपटीला आहेत.

जुनी_वही
तोंड खालच्या बाजूने बघ. झाकण न उघडता, बरणी तिरकी करून.

नीलपंख
गोल आहे. जबडा नाही. आत दातांची वर्तुळं. डोक्यावर एकच नाकपुडी.
पेट्रोमायझॉन! हाच होता मागच्या वेळी.